फायद्याचा रकाना

आमच्या कंपनीत दर वर्षी नवी पोरं भरती झाली की त्यांना तीन दिवस एका थंडगार खोलीत बसवतात आणि निरनिराळे लोक येऊन त्यांना शहाणं करतात. दुसऱ्या दिवशीचा जेवणानंतरचा, म्हणजे सगळ्यात पेंगुळलेला तास माझा असतो. विषय असतो ‘नवी कल्पना कशी सुचते’. मी स्वतः काही फार कल्पक माणूस नाही. मला आजवर सुचलेली सगळ्यात मोठी कल्पना म्हणजे डब्यात लोणचं वेगळ्या पुडीत न्यावं ही. पण माझ्याकडे एका माणसाच्या दोन गोष्टी आहेत, एक रांगोळीची आणि एक मेंढरांची. त्या सांगितल्या की पेंगणारी पोरं सावरून बसतात आणि शेवटी टाळ्याही वाजवतात. दुसरी गोष्ट मी बक्षिसापर्यंत सांगतो आणि घड्याळाकडे बघून थांबतो. पुढचं मी तिथे कधीच सांगितलेलं नाही.

त्या माणसाला सगळी कंपनी मामा म्हणायची. पुण्याहून गाडीने येणारे मॅनेजर साहेबसुद्धा मामाच म्हणायचे. मामा टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं दुरुस्त करतात तिथे, फिटर होते. सणसवाडीला पत्र्याच्या चाळीत एका खोलीत एकटे राहायचे आणि सुट्टी आली की लुनावर टांग टाकून खुटबावला घरी जायचे. घरी मामी, थोडी शेती आणि हौसेखातर ठेवलेली चार मेंढरं. घराणं मेंढपाळांचं. लहानपणी वडिलांच्या मागे मेंढरं हाकत पार कोकणापर्यंत चालत गेलेला माणूस. पुढे वडिलांनी हिंडणं सोडून शेती धरली आणि ह्यांना आयटीआयला घातलं.

अंगाने काटकुळे, बोलणं तुटक, आणि खाकी शर्टाचा डावा खिसा कायम फुगलेला. त्या खिशात शिरीषाची वाळकी शेंग, बॉलपेनची स्प्रिंग, फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक, मेंढीच्या गळ्यातलं घुंगरू, बांगडीचा तुकडा, असला काय काय ऐवज असायचा. ह्याला ते ‘माझं भांडवल’ म्हणायचे. एखादं काम अडलं की मशीनकडे ढुंकूनही न बघता ते खिसा टेबलावर रिकामा करायचे आणि एकेक वस्तू बोटांत फिरवत बसायचे. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. जुन्या माणसांनाही तेच वाटायचं, फक्त ती त्यांना मधेच चहा आणून द्यायची.

मी वरवंडचा. डिप्लोमा करून नव्वदच्या दशकात ट्रेनी म्हणून तिथे लागलो. पत्र्याचे सुटे भाग करणारी ती कंपनी. माझं अक्षर चांगलं म्हणून मला मशीनवर कमी आणि टेबलावर जास्त बसवलं. त्या वेळी सगळ्याच कारखान्यांत सजेशन स्कीमचं खूळ आलेलं होतं. कामगाराने कल्पना सुचवायची, फॉर्म भरायचा, महिन्याला एकाला बक्षीस. फॉर्मला चार रकाने होते. नाव. कल्पना काय आहे. कल्पना कुठून सुचली. आणि सगळ्यात खाली, कंपनीला फायदा काय. साहेब फॉर्म खालून वर वाचायचे. खालचा रकाना मोकळा असला तर वरचं काही वाचतच नसत, ‘फायदा लिहा’ असा शेरा मारून फॉर्म परत यायचा.

मामांना लिहिण्याचा कंटाळा. माझ्यासमोर स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, “मला लिव्हता येतं. पन लिव्हाया लागलं की इचार पळतो. मी बोलतो, तू लिव्ह.” मग ते बोलायचे आणि मी त्यांच्या खरबरीत वाक्यांना इस्त्री करून रकान्यांत बसवायचो. बक्षिसं त्यांनाच मिळायची, पण साहेबांच्या टेबलावर माझं अक्षर जायचं, ह्याचं मला बरं वाटायचं.

सुट्टीला ते कधीकधी मला बरोबर घ्यायचे. “चल, बघाया जाऊ.” काय बघायचं ते सांगायचे नाहीत. एकदा दौंड स्टेशनवर त्यांनी मला एका पेपरवाल्याच्या समोर दीड तास उभं केलं. गाड्या आल्या, गेल्या. माझे पाय दुखायला लागले. पेपरवाला ओलसर गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, पेपर पंख्यासारखे सुटे व्हायचे आणि बरोबर एकच वर यायचा. मामा त्या अंगठ्याकडे बघत होते. शेवटी तो पेपरवाला वैतागून म्हणाला, “घ्यायचा आसंल तर घ्या, न्हाईतर सावली सोडा.” मामांनी दोन पेपर घेतले आणि तिथेच बाकावर ठेवून दिले.

पत्रा दाबून कापणाऱ्या आमच्या प्रेसवर तेलकट पत्रे एकमेकांना चिकटायचे. कामगार एकाऐवजी दोन उचलायचा आणि साचा फुटायचा. पुढच्या आठवड्यात मामांनी खिशातला तो स्पीकरचा लोहचुंबक पत्र्यांच्या गठ्ठ्याला कडेने लावला. वरचे पत्रे एकमेकांपासून आपोआप उचलले गेले, हुबेहूब त्या पेपरांसारखे. लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. मामा म्हणाले, “मशीनचं उत्तर मशीनमंदी घावत न्हाई. भाईर हिंडावं लागतं.” हे वाक्य मी आता तासाला फळ्यावर लिहितो.

रांगोळीची गोष्ट त्याच्या नंतरची. शॉपमध्ये, म्हणजे मशीनं चालतात त्या शेडमध्ये, एका वळणावर माल वाहणारी गाडी अचानक यायची आणि माणसं जवळचा रस्ता म्हणून नेमकी तिथूनच चालायची. पिवळे पट्टे मारून झाले, ‘धोका’ अशी पाटी लावून झाली, साहेबांचं ओरडून झालं. दोघांचे पाय सापडले तरी लोक तिथूनच जायचे. मामांनी काय करावं? शेजारच्या खोलीतल्या पारूला बोलावलं आणि त्या वळणावर पांढऱ्या ऑइलपेंटने चांगली सहा फुटांची रांगोळी काढून घेतली. कमळं, गोपद्म, सगळं. दुसऱ्या दिवसापासून एकाचाही पाय तिथे पडला नाही. आलेला माणूस न सांगता वळसा घालायचा. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, हे प्रत्येकाला आईने घरीच शिकवलेलं होतं.

“पाटी वाचाया डोकं लागतं,” मामा म्हणाले. “हितं काय, पायालाच ठावं हाय.”

ही पारू कोण ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिचंच आहे. शिरूरकडच्या एका कोरड्या गावातली, तिशीची बाई. नवरा ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला तो परत आला नाही. भावाच्या दारात किती दिवस काढायचे म्हणून ती सणसवाडीला आली, मामांच्या शेजारची खोली घेतली आणि ठेकेदारामार्फत आमच्याच कंपनीत लागली. अशा आठ बाया एका लांब टेबलाशी बसून दिवसभर लोखंडी चकत्या निवडायच्या. चकती म्हणजे नटखाली घालतात ते वॉशर. काही चकत्यांच्या कडेला धार राहायची, त्यामुळे त्या केसभर जाड व्हायच्या. तेवढी जाड चकती डोळ्याने आणि बोटाने ओळखून बाजूला टाकायची. दिवसाला हजारो.

संध्याकाळी चाळीत पारू भाकरी थापताना म्हणायची, “मामा, डोळं मिटलं तरी चकत्याच फिरत्यात बगा. पानी थांबत न्हाई डोळ्याचं.” मामा तिला मुलीसारखं मानायचे. कधी तिच्या स्टोव्हला पत्र्याचा आडोसा करून दे, कधी दाराची कडी आतून पक्की करून दे, असं काही ना काही चालू असायचं. डोळ्याचं पाणी मात्र त्यांना पत्र्याने अडवता येईना. ते पंधरा दिवस खिसा टेबलावर मांडून बसले होते.

उत्तर खुटबावला घावलं. मेंढपाळ मुक्कामाला जाळ्याचं कुंपण घालतात, त्याला वाघर म्हणतात. मामांचे वडील त्या वाघरीत दोन काठ्या रोवून एक फट ठेवायचे. कोकरं फटीतून निघून जायची, मेंढ्या आत राहायच्या. एवढं तर कोणालाही सुचलं असतं. मामांच्या ध्यानात राहिली होती ती पुढची गोष्ट. “मेंढी आडली की हुबी ऱ्हात न्हाई. वाघरीच्या कडंकडंनं चालत सुटती. म्हनून बाप वाघर तिरकी लावायचा. मग मेंढरं आपसूक कोपऱ्यात जमायची.”

त्यांनी एक उतरती पत्र्याची घसरगुंडी केली आणि तिच्यावर एक पट्टी तिरकी बसवली. पट्टीखाली चांगली चकती जाईल एवढीच फट. वरून चकत्या सोडल्या की चांगल्या खालून निसटून पेटीत पडायच्या आणि जाड चकत्या पट्टीला अडून कडेकडेने दुसऱ्या पेटीत जायच्या. वीज नाही, मोटर नाही. पारूने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. बाकीच्या सात जणीही जमल्या. एक म्हणाली, “मामा, आता आमी काय करायचं वं दिसभर?” मामा म्हणाले, “डोळं मिटून बसा.” सगळ्या हसल्या. मीही हसलो.

मग फॉर्म भरायला मामा स्टुलावर येऊन बसले. नाव लिहिलं. कल्पना लिहिली. कुठून सुचली त्यात वाघर लिहिली.

“फायदा काय लिहू, मामा?”

“लिव्ह, बायांच्या डोळ्याचं पानी थांबंल. मान आखडायची न्हाई. येळ उरंल त्यात पाकिटं भरत्याल.”

“हे फायद्यात येत नाही.”

“मंग कशात येतं?”

मामा उठले. “तूच लिव्ह काय लिव्हायचं ते. तुला त्यातलं कळतं,” म्हणाले आणि टूलरूमकडे गेले.

मी लिहिलं, ‘बचत : आठ माणसे’.

आता इतक्या वर्षांनी मला असं सांगता येईल की, त्या बायांना दुसरीकडे काम देतील असं मला वाटलं होतं. पण खोटं कशाला बोलू? मला तसं वाटलं नव्हतं. मी त्या आठ जणींचा विचारच केला नव्हता. माझी ट्रेनीची मुदत त्या महिन्यात संपत होती, साहेबांना आवडेल असा आकडा मला हवा होता, आणि टेबलाशी आठ जणी बसतात हे मला पाठ होतं.

साहेब खूश झाले. मामांना मोठं बक्षीस मिळालं, तीन डब्यांचा कॅसरोल सेट. तो छातीशी धरून उभ्या असलेल्या मामांचा फोटो नोटीस बोर्डावर लागला आणि शेजारी तो फॉर्म, काचेच्या फ्रेममध्ये. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “चांगलं सजेशन आणलंत. असेच आणत जा.” पुढच्याच महिन्यात मी कायम झालो. वरवंडला आईने गल्लीत पेढे वाटले. तासाला पोरांना सांगतो ती गोष्ट इथे संपते.

महिनाअखेरीला ठेकेदाराने आठही बायांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मामांना हे चाळीत पारूकडून कळलं. सकाळी ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. दार उघडंच होतं, मी बाहेर बसलेला होतो.

“सायेब, बाया का काढल्या?”

“मामा, तुमच्याच सजेशनमध्ये आहे ना ते.”

मामा बाहेर आले. माझ्या टेबलासमोरून गेले, पण माझ्याकडे बघितलं नाही. नंतर वॉचमनने मला सांगितलं की, ते बराच वेळ नोटीस बोर्डासमोर उभे होते. स्वतःचा फोटो बघत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर ते जाब विचारायला कधी येतात ह्याची मी वाट बघत होतो. पण दुपारी मामा नेहमीसारखे “चहा घेतला का?” म्हणून विचारून गेले आणि मी सुटलो असं मला वाटलं.

पारूला तीन आठवड्यांनी आतल्या रस्त्यावरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, प्रेसवर. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. हात बाहेर राहावेत म्हणूनच ती सोय. तिथे एका बटणात लाकडाची काडी खोचून ठेवलेली होती. म्हणजे एक हात माल घालायला मोकळा आणि काम दुप्पट. पारू तिथे पाच-सहा महिने टिकली. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

मी मामांबरोबर पुण्याला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. पारू भिंतीकडे तोंड करून पडली होती. मामांना बघून उठून बसली आणि डाव्या हाताने पदर सारखा करायला लागली. उजव्या हाताचं नुसतं बँडेजचं गाठोडं होतं, त्यातून अंगठा बाहेर आलेला. आधी तीच बोलली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

“मामा, डोळं मातर आता लई ब्येस हायती बगा. पानी येत न्हाई अजाबात.”

तिने हे टोचून म्हटलं असतं तर परवडलं असतं. मामा खाटेच्या कडेला बसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पारू, तुला तुझ्या टेबलावर परत बशिवतो. चकत्या निवडाया डावा हात बी चालतो. मी शबूद देतो तुला.”

परत येताना एसटीत कोरेगाव आल्यावर मामा एकदम म्हणाले, “ती बटनातली काडी कुनाला सुचली आसंल रं?”

पारू शिरूरला भावाकडे परत गेली. मामांनी शब्द दिला होता, आणि शब्द पाळायचा रस्ता त्यांच्या मते एकच होता, तो म्हणजे माझ्या टेबलावरचा फॉर्म. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ते आले, कोरा फॉर्म घेतला आणि स्टुलावर बसून पहिल्यांदाच स्वतः लिहिला. अर्धा तास लागला. कल्पना : घसरगुंडी काढून टाकावी, टेबलावर बाया परत घ्याव्यात. फायदा : आठ बाया कामाला. आणि ‘कल्पना कुठून सुचली’ ह्या रकान्यात वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, “खुटबावला बायको तांदूळ निवडते. खडा डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो.”

साहेबांनी तो खालून वर वाचला आणि नामंजूर केला. पुढच्या एक तारखेला मामा पुन्हा हजर. फॉर्म तोच, फायदा तोच, फक्त मधल्या रकान्यात नवीन काहीतरी. दौंड स्टेशनवरचा आंधळा चणेवाला खोटं नाणं हातात घेतल्याबरोबर ओळखतो. शिरूरच्या बाजारातली कासारीण बांगडी कानाशी वाजवून चीर सांगते. ‘बाप कोकराच्या कानाला हात लावून ताप ओळखायचा, फटीतून ताप कळत नाही.’ हा माणूस आता सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडत होता, ते फक्त स्वतःचीच कल्पना खोटी पाडायला. पूर्वी तो बघताना हरखून जायचा. आता त्याच्याबरोबर जायला मला नको वाटायचं, आणि त्यानेही मला पुन्हा कधी बोलावलं नाही.

हे सात वर्षं चाललं. एक तारीख आली की ऑफिसातली माणसं म्हणायची, “आली मामांची पोथी.” मी ‘नामंजूर’चा शिक्का मारून फॉर्म फायलीत लावायचो. फाइल फुगली तेव्हा दुसरी केली. मधल्या काळात वळणावरची रांगोळी विटत गेली. ती रंगवायला पारू नव्हती आणि मामांनी दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. आधी एका कमळावरून बूट गेला, मग सगळेच जायला लागले.

सातव्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमचा सगळा माल परत पाठवला. चकत्यांना बारीक चिरा होत्या. जाडी बरोबर, त्यामुळे घसरगुंडीतून त्या सुखाने खाली यायच्या. साहेब डोक्याला हात लावून बसले. मी फाइल काढली आणि चार महिन्यांपूर्वीचा मामांचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला, बांगडीवाल्या कासारणीचा. चीर हाताला आणि कानाला कळते, पट्टीला कळत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या सगळ्या काळात मी केलेलं हे एवढंच धाडस. साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, “माणूस हुशार आहे. घसरगुंडी काढायलाच हवी.”

मी धावत टूलरूममध्ये गेलो. मामांनी ऐकलं आणि हातातली कानस खाली ठेवली. त्या संध्याकाळी ते लुना घेऊन थेट शिरूरला गेले, पारूला सांगायला.

दोन महिन्यांनी कंपनीत चकत्या तपासणारं कॅमेऱ्याचं मशीन आलं. ते चीर बघतं, जाडी बघतं, धार बघतं, आणि त्याच्याशी बसायला एक माणूससुद्धा लागत नाही. जुनी घसरगुंडी खोलून भंगारात टाकायचं काम टूलरूमकडे आलं, म्हणजे मामांकडे. त्यांनी एकेक स्क्रू नीट काढला. मग खिशातलं सगळं भांडवल त्याच भंगाराच्या पेटीत ओतलं. शेंग, स्प्रिंग, घुंगरू, सगळं. तिरक्या पट्टीवर पडताना त्याचा आवाज झाला आणि मामा हात पुसत चहाला गेले.

त्यानंतर एक तारखेला ते कधी आले नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कार्यक्रम संपल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले. हातात एक फॉर्म होता. फक्त नाव लिहिलेलं, खाली सगळं कोरं.

“कल्पना काय आहे, मामा?”

“न्हाई सुचली.”

“मग हा फॉर्म?”

“खालचा रकाना तू भर. पयल्या बारीला तूच भरला व्हतास.”

“मामा, मी…” एवढंच म्हणालो.

“तवाच वाचलं मी बोर्डावर. तुजं आक्षार काचंतून बी चांगलं दिसतं.” मग म्हणाले, “चूक माजी बी हाय. मी तवा स्टुलावरनं उठून जायाला नको व्हतं.”

सात-आठ वर्षं हा माणूस दर महिन्याला माझ्यासमोर बसत होता, मी शिक्का मारताना बघत होता, आणि चहा घेतला का म्हणून विचारत होता. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं, फॉर्म टेबलावर तसाच ठेवून घड्याळ काखेत मारलं आणि लुनाकडे गेले.

मामा फार जगले नाहीत. दोन वर्षांतच गेले. दहाव्याला मी खुटबावला गेलो. मांडवाच्या कडेला बाया बसल्या होत्या, त्यांतली एक उठून माझ्याकडे आली. केस पिकलेले. पदराखालचा हात बाहेर आला तेव्हा मी ओळखलं.

“तुमीच न्हवं का ते वरवंडचं?” पारू म्हणाली. “मामा सांगायचं, आमच्या हापिसात एक पोरगा हाय, तुज्यासाटी दर म्हैन्याला अर्ज लिवतो. आक्षार लई झ्याक हाय म्हनायचं. भाऊ, तुमी लई केलं माज्यासाटी.”

आणि तिने हात जोडले. एक पूर्ण हात आणि एक अंगठा.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मामा गेले होते, ती समोर होती, मधे कोणी नव्हतं. मी “हो” म्हणालो.

“आता मशीन आलंय म्हनं नवं,” ती म्हणाली. “तरी बी टाका एखांदा अर्ज. डाव्या हातानं मी घरी तांदूळ निवडती. खडा ऱ्हाऊ देत न्हाई.”

मी पुन्हा “हो” म्हणालो. माझी मलाच शिसारी आली.

घरी आल्यावर मी कपाटातून मामांचा तो शेवटचा फॉर्म काढला. नाव त्यांचं. कल्पना कोरी. कुठून सुचली ते कोरं. सजेशन स्कीम तोवर बंद झाली होती, फॉर्म द्यायला कोणी उरलं नव्हतं. तरी मी पेन घेतलं आणि खालच्या रकान्यात माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘फायदा : एक माणूस कायम झाला.’ खाली सही केली, स्वतःची.

तो फॉर्म माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. परवाच्या तासाला टाळ्या वाजल्यावर एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “सर, त्या घसरगुंडीनंतर त्या बायकांचं काय झालं?” इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, वेळ संपली.